न पिकणारा बिंदू

हनीफभाई आमच्या सोसायटीत एकाही घरचा चहा पीत नसत. इंदिरानगरातली वीस बिऱ्हाडांची सोसायटी. अठरा वर्षं ते आमच्या मोऱ्या, बेसिनं, टाक्या सांभाळत होते, पण चहाचं नाव काढलं की हात हलवून नको म्हणायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या देवरे वहिनी म्हणायच्या, "त्यांच्यात चालत नसेल हो आपल्याकडचं." हे म्हणताना आवाज खाली आणायच्या, म्हणजे आपण किती समजूतदार! मी एकदा सरळ त्यांनाच विचारलं. हात पुसता पुसता हनीफभाई म्हणाले, "मॅडम, ज्या घराची मोरी मी आतून बघितली, त्या घरचा चहा मला जात नाय. उलटी होते."

इतकं स्वच्छ उत्तर मला आयुष्यात फार कमी माणसांनी दिलंय.

मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. पोरांच्या वह्यांतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारता सुधारता निवृत्त झाले आणि सोसायटीची सेक्रेटरी होऊन बसले, कारण दुसरं कोणी होईना. तिथे कळलं की माणसं घरात पूजेला बसतात आणि गॅलरीतून केसांचे गुंतवळे खाली टाकतात. शी! जिन्यात पानाच्या पिंका, टेरेसवर कबुतरांना घातलेलं सडकं धान्य, मीटिंगला मात्र सगळे इस्त्रीचे कपडे घालून. त्या सगळ्या घाणीत माझ्या बरोबरीनं चिडणारा एकच माणूस होता, आमचा प्लंबर. आज त्यांच्यावर लिहायला बसलेय ते नुसतं कौतुक करायला नाही. हनीफभाईंची नजर गेली. पूर्ण नाही गेली, पण जेवढी गेली तेवढी परत यायची नाही, आणि ती जाण्यात माझ्या जिभेचा वाटा आहे. दुसऱ्याची किळस करण्यात मी पहिल्यापासून पटाईत. स्वतःची यायला लागली तेव्हा ती ठेवायची कुठे तेच कळेना.

उंच, हडकुळा माणूस, पन्नाशी उलटलेला. वडाळ्याकडून जुन्या स्कूटरवर यायचे, अंगात पांढरा शर्ट. प्लंबर आणि पांढरा शर्ट! आल्यावर तो शर्ट काढून घडी करून पिशवीत ठेवायचा, आतल्या निळ्या बनियनवर काम करायचं, आणि काम झालं की स्वतःच्या डबीतल्या साबणानं कोपरापर्यंत तीनदा हात धुवायचे. आमच्या साबणाला हात लावत नसत. "तुमच्या साबणाला केस चिकटलेला असतो," म्हणायचे. असायचाही.

आधी ते सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. तेलाच्या आणि पाण्याच्या लाइनी, पंप, प्रेशरचे काटे, असलं सगळं. कारखाना बंद पडला तसे ते घराघरांत शिरले. त्यामुळे बोलणं निम्मं कारखान्याचं, निम्मं घरचं. "पाण्याचा कधी दोष नसतो मॅडम," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "जितकं येतं तितकं जायला पाहिजे, बस. तुंबलं की लोक पाण्याला शिव्या देतात. अरे, जाळी बघ ना तुझी!"

जाळी दाखवणं हा त्यांचा मोठा कार्यक्रम. तुंबलेली मोरी उघडली की आतला गाळ ते बादलीत टाकून गुपचूप घेऊन जात नसत. हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर तो सगळा ऐवज मांडायचा आणि घरातल्या प्रत्येकाला बोलवायचं. देवऱ्यांकडे मी सेक्रेटरी म्हणून हजर होते. देवरे भाऊसाहेब बनियनवर, वहिनी नाकाला पदर लावून, कॉलेजातली मुलगी मोबाइलमध्ये. हनीफभाई काडीनं एकेक वेगळं करत होते. "हे बाल. हे शेवया. ही चहाची पत्ती, कमीत कमी सहा महिन्यांची. हे काय? बँडेज? आणि हा साखरपुड्याचा लाडू वाटतो, बेसनाचा."

"अहो, फेका ना ते!" वहिनी किंचाळल्या.

"फेकतो की. आधी बघा. तुमचंच आहे, माझ्या घरनं नाय आणलं. लाज वाटायची तर टाकताना वाटू द्या."

भाऊसाहेबांचा चेहरा पडला. मला मात्र इतका आनंद झाला म्हणून सांगू! वर्गात कॉपी पकडल्यावर व्हायचा तसा.

त्याच दिवशी बेसिनखाली हात घातल्यावर त्यांना कोपऱ्यात उलटा ठेवलेला एक कप सापडला. कान तुटलेला, वेगळा ठेवलेला. "हा कोणाचा?" त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "असाच आहे, ठेवलेला." हनीफभाईंनी तो कप धुतला, पुसला आणि त्यांच्या देव्हाऱ्याशेजारच्या शोकेसमध्ये, पाहुण्यांच्या कपबशांत नेऊन ठेवला. "बरा आहे हो कप. बाहेर ठेवा. खाली झुरळं फिरतात." एवढंच म्हणाले आणि पाना आवळायला लागले. आपला कप कुठला ते त्यांना इतकी वर्षं ठाऊक होतं तर! मी आयुष्यभर ज्या समाजाचे धडे शिकवले, तो समाज बेसिनखाली उलटा ठेवलेला होता. त्या संध्याकाळी मी त्यांना घरी बोलावून म्हटलं, "माझी मोरी उघडून बघा, आणि मग सांगा चहा घ्याल का." त्यांनी खरंच उघडून बघितली. पाच मिनिटं टॉर्च मारून आत बघितलं. मग म्हणाले, "अर्धा कप."

तेव्हापासून अर्धा कप सुरू झाला. मला त्याचा भारी गर्व. मेला तो गर्वच नडला पुढे.

त्यांचा आणखी एक किस्सा सांगते, म्हणजे माणूस कळेल. पहिल्या मजल्यावर बाथरूम नवीन होत होतं. कंत्राटदाराला फरशा बसवायची घाई. हनीफभाईंनी नवी पाइपलाइन सगळीकडून बंद केली, हातपंपानं पाणी दाबून भरलं, त्याला प्रेशरचा काटा जोडला आणि पालथ्या बादलीवर घड्याळ घेऊन बसले. अर्धा तास काटा जागचा हलता कामा नये, असा त्यांचा नियम. वीस मिनिटांनी काटा केसभर खाली आला. कंत्राटदार म्हणाला, "चाचा, इतना तो चलता है. कौन देखने आएगा?"

"मी आलोय ना बघायला," हनीफभाई म्हणाले. "काटा खाली आला म्हणजे पाणी कुठंतरी जातंय. पास नाय."

भिंत परत फोडायला लावली. कंत्राटदारानं त्यांना दहा माणसांसमोर आईबहिणीवरून ऐकवलं. हे ढिम्म. दुसऱ्या दिवशी परत बादली, परत अर्धा तास. जे नाही त्याला हो म्हणायचं नाही, एवढा एकच हट्ट त्या माणसाला होता.

आता माझं सांगते.

आमच्या कॉलनीतल्या मंगल कार्यालयात फुकट नेत्रतपासणीचं शिबिर झालं. हनीफभाई तिथला नळ दुरुस्त करायला गेले होते, त्यांना कोणीतरी बळंच रांगेत बसवलं. तिथून ते तसेच माझ्याकडे आले. मी मेथी निवडत बसले होते.

"मॅडम, डोळ्यात बिंदू निघाला."

"अगंबाई! कोण म्हणालं?"

"शिबिरातले डॉक्टर. हा कागद दिलाय. मोठ्या दवाखान्यात लगेच जा बोलले. प्रेशर पण जास्त आहे बोलले."

कागद त्यांनी पुढे धरला होता. माझे हात मेथीचे आणि चष्मा आतल्या खोलीत. उठायचा कंटाळा आला. खरं कारण एवढंच. मी म्हटलं, "प्रेशर म्हणजे बीपी. या वयात सगळ्यांनाच असतं, मीठ कमी करा. आणि बिंदूची घाई करू नका बरं का! तो आधी पिकू द्यायचा असतो. कच्चा काढला की नसता त्रास. आमच्या आईचा दोन वर्षं पिकवला आणि मग काढला, शेवटपर्यंत सुईत दोरा ओवायची."

"पिकला ते कळणार कसं?"

"बुबुळावर पांढरं दिसायला लागतं, मोत्यासारखं. मी बघत जाईन ना."

"तुम्ही बोलता तर बरोबरच असेल," ते म्हणाले, आणि कागदाची घडी करून पाकिटात ठेवली.

कप्पाळ माझं! शाळेत पोरांनी एक अनुस्वार खाल्ला तर तोच शब्द वीस वेळा लिहायला लावणारी मी बाई. 'कोणता बिंदू?' एवढं विचारायचं मला सुचलं नाही. बिंदू म्हणजे मोतीबिंदू, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत. काचबिंदू नावाचं दुसरं काही असतं, ते पिकत नाही, पांढरं होत नाही, दुखत नाही, आणि आपण वाट बघत बसलो की मुकाट्यानं नजर खात जातं, हे या मराठीच्या बाईला माहीत नव्हतं. माहीत नसणं एकवेळ चालतं. माहीत असल्याच्या थाटात सांगितलं त्याची मला जास्त शिसारी येते.

आणि पुढची गंमत ऐका. दर तीन-चार महिन्यांनी हनीफभाई काम संपवून माझ्या खुर्चीत बसायचे, डोळा बोटांनी ताणायचे आणि म्हणायचे, "बघा मॅडम, पिकला का." मी मोबाइलचा टॉर्च लावून त्यांच्या डोळ्यात बघायचे. खरंच बघायचे! भुवया आक्रसून, एखाद्या तज्ज्ञासारखी. "छे! काळंभोर आहे अजून. वेळ आहे." आणि ते खूश होऊन अर्धा कप चहा प्यायचे. दोन वर्षं हे चाललं.

सोसायटीलाही कळलंच. मग काय, प्रत्येकजण डॉक्टर. भाऊसाहेब म्हणाले, त्यांच्या मामांनी घाई केली आणि डोळा गेला, तेव्हा पिकू द्यावा हेच बरं. वहिनींनी मोबाइलवर आलेला उपाय वाचून दाखवला: कांद्याचा रस आणि मध, रोज दोन थेंब डोळ्यात. हनीफभाई त्यांच्याकडे बघतच राहिले. "भाभी, कांद्याचा रस तर तुम्ही मोरीत पण नाय टाकत. डोळ्यात कसा टाकू?" हसलो आम्ही सगळे. मी सगळ्यात मोठ्यानं.

लक्षणं समोर नाचत होती. मांडीशेजारी ठेवलेला पाना त्यांना सापडायचा नाही, चाचपत बसायचे. दाराच्या चौकटीवर खांदा आपटायचा. एकदा टीपॉयच्या कडेला ठेवलेला कप कोपरानं उडवला, आणि स्वतःवरच इतके चिडले की कपाचे तुकडे वेचताना तोंडातल्या तोंडात स्वतःलाच शिव्या घालत होते. मी म्हटलं, "वय झालं हनीफभाई तुमचं." दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण मी दरवर्षी सातवीला शिकवत होते. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा.

मग पाथर्डी फाट्याजवळ ते स्कूटरवरून पडले. हात खरचटला, शर्ट फाटला, बाकी निभावलं. दोन दिवसांनी माझ्याकडे आले. "मॅडम, टेम्पो बाजूनं आलाच नाय. एकदम समोर उगवला. लोक बोलतात केव्हाचा हॉर्न देत होता. हॉर्न ऐकला मी, पण बाजूला बघितलं तर तिथं काही नव्हतंच." मग पाकिटातून तो जुना कागद काढला. "हे एकदा नीट बघता का? नसीम मागे लागलीय." नसीम म्हणजे त्यांची बायको.

या वेळी चष्मा नाकावर होता. घडीवर फाटलेला कागद. निळ्या शाईत स्पष्ट मराठीत लिहिलेलं: काचबिंदूची शंका, डोळ्यातील दाब वाढलेला, त्वरित तपासणी. 'त्वरित'च्या खाली रेघ मारलेली.

मी तो शब्द दोनदा वाचला. आणि तेव्हा तरी खरं बोलावं की नाही माणसानं? मी म्हटलं, "उद्याच्या उद्या मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येते बरोबर." बस, एवढंच. बाकीचं गिळलं. अशी मी.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि दमलेल्या. सगळ्या तपासण्या झाल्यावर त्यांनी चिठ्ठीच्या मागे डोळ्याचं चित्र काढलं. मी मध्येच माझं ज्ञान पाजळलं, "पण डॉक्टर, यांच्या डोळ्यातून तर पाणीही येत नाही, मग दाब कसला?"

"ते पाणी वेगळं, अश्रूंचं," त्या म्हणाल्या. "ते बाहेरून वाहतं आणि नाकात उतरतं. हे पाणी डोळ्याच्या आत तयार होतं, बाहुलीच्या मागे. स्वच्छ असतं. बाहुलीतून पुढच्या भागात येतं, आतल्या भागांना पोसतं, आणि इथे, काळ्या बुबुळाच्या कडेला कोपऱ्यात, बारीक जाळी असते, तिच्यातून निघून जातं. चोवीस तास येणं आणि जाणं चालू असतं. यांची ती जाळी..."

"चोक झाली," हनीफभाई म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली.

"इनलेट चालू, आउटलेट जाम. मग प्रेशर चढणारच. पण फुटत कसं नाय?"

"फुटत नाही. मागे जी नस आहे, डोळ्यातून मेंदूकडे जाणारी, ती दाबानं सुकत जाते. आधी कडेकडेचं दिसणं जातं. मधलं शेवटपर्यंत चांगलं राहतं, म्हणून माणसाला कळतच नाही. काही जणांना दाब फार नसतानाही होतं. तुमचा मात्र भरपूर वाढलेला आहे."

"जाळी काढून धुता येत नाय?"

"नाही हो."

"मग बाजूनं दुसरी लाइन काढा."

त्या पहिल्यांदाच हसल्या. "तेच ऑपरेशन असतं. पाण्याला नवी वाट करून द्यायची. डाव्या डोळ्याला करावंच लागेल. उजव्याला आधी थेंब देऊन बघू."

"आणि गेलेलं परत येईल?"

"नाही. सुकलेली नस परत जिवंत होत नाही. आहे तेवढं सांभाळायचं." मग त्यांनी जुना कागद उलटून बघितला. "दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की तुम्हाला! तेव्हा आला असतात तर कदाचित नुसत्या थेंबांवर भागलं असतं. थांबलात का?"

मी पर्सची चेन उघडत होते आणि लावत होते. हनीफभाईंनी माझ्याकडे मानही वळवली नाही. "कामात राहून गेलं," म्हणाले.

"कोणी सांगितलं का पिकू द्या म्हणून?" बाईंनी विचारलं. "रोज एक तरी पेशंट असा येतो. काचबिंदू पिकत नाही हो, आंधळा करतो. मोतीबिंदूसुद्धा हल्ली कोणी पिकवत बसत नाही."

"नाय, कोणी नाय. मीच आळशी," हनीफभाई म्हणाले. ज्या माणसानं उभ्या जन्मात काट्याला खोटं बोलू दिलं नाही, तो माझ्यासाठी खोटं बोलला, आणि मी ते बोलू दिलं. परतीच्या रिक्षात मी त्यांना पथ्यपाण्याबद्दल सूचना देत होते! जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला लाजही नाही.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दाब उतरला. नजर अर्थातच होती तेवढीच राहिली, दोन्ही डोळ्यांनी मधलं दिसायचं, कडा गेलेल्या. थेंबांच्या बाबतीत मात्र हनीफभाईंसारखा रोगी त्या दवाखान्यानं पाहिला नसेल. घड्याळाच्या ठोक्याला थेंब. टाकला की डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध नाकावाटे घशात उतरत नाही. "वॉल्व्ह बंद," म्हणायचे. कोणाच्याही घरी पाइप उघडा पडलेला असो, थेंबाची वेळ झाली की हे भिंतीला टेकून बसणार, एक बोट नाकाशी. देवरे वहिनींनी एकदा घाई केली, "आधी नळ बंद करा ना, वाया चाललंय पाणी," तर डोळे मिटूनच म्हणाले, "तुमचं पाणी परत येतं भाभी."

पण काम कमी होत गेलं. नसीमभाभी स्कूटरची किल्ली लपवून ठेवायच्या. टेरेसवरच्या टाक्यांवर चढायला डॉक्टरांनी मनाई केली होती. "सहा महिन्यांनी नजरेची टेस्ट करू. नजर आणखी घटली नसेल तर टाकीचं बघू," असं त्या म्हणाल्या होत्या. ते एवढं एक वाक्य धरून हनीफभाई बसले होते. टाक्या हा त्यांचा जीव. बाकी सगळं घाणीचं काम, पण टाकी धुवून स्वच्छ पाणी भरलं की ते वरून बराच वेळ आत बघत बसायचे. "नाय चढलो तर मग काय, तुमच्या मोऱ्याच," म्हणायचे, आणि तोंड कडू करायचे. सहा महिने त्यांनी दिवस मोजले. त्यांच्या घरी फोन केला की पहिला विषय टेस्ट, शेवटचा विषय टेस्ट.

टेस्टच्या दिवशी मी गेले बरोबर. या टेस्टला एक छोटी अंधारी खोली असते. मशीनवर हनुवटी टेकवायची, एका डोळ्यावर पट्टी, आणि समोरच्या पांढऱ्या खोलगट पडद्यात मधोमध बघत राहायचं. आजूबाजूला कुठेही बारीक उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. कुठे दाबलं आणि कुठे नाही, यावरून मशीन नजरेचा नकाशा काढतं. दार अर्धवट उघडं होतं. मी बाहेरच्या बाकावर बसले. टक. टक टक. टक. भराभर आवाज यायला लागला. मला इतकं बरं वाटलं! बरंच दिसतंय की यांना, मी मनात म्हटलं, म्हणजे माझं पाप तेवढं मोठं नाही.

मग आतली मुलगी बोलताना ऐकू आली. "काका, लाइट नसताना बटण दाबू नका ना."

टक टक. टक.

"काका, अहो, मशीन मध्येच मुद्दाम थांबतं. तेव्हा पण दाबताय तुम्ही."

टक.

थोड्या वेळानं ती बाहेर आली, हातात कागद. मला म्हणाली, "आजी, हा रिपोर्ट काही कामाचा नाही. काका नुसतेच दाबत सुटलेत. जरा समजवा." आणि दुसऱ्या रोग्याचं नाव घ्यायला निघून गेली.

हनीफभाई बाहेर आले. पांढरा शर्ट, वरचं बटणही लावलेलं, परीक्षेला आल्यासारखे. बाक कुठे आहे ते मान फिरवून शोधलं आणि माझ्याशेजारी बसले. "झाली मॅडम. पास ना? बोलली काय ती?"

'छान आलंय' हे माझ्या जिभेच्या टोकावर होतं. सवयच ती. दोन वर्षं टॉर्च मारून मी हेच तर बोलत होते.

"नाही," मी म्हटलं. "उजेड नसताना दाबत होतात तुम्ही. मशीनला ते कळतं."

ते अंगठ्यानं दुसऱ्या हाताचं नख घासत राहिले. बटण दाबून दाबून अंगठा लाल झाला होता.

"हनीफभाई, मलाही एक सांगायचंय. तो शिबिराचा कागद मी त्या दिवशी वाचलाच नव्हता. चष्मा आत होता. उठायचा कंटाळा केला मी. न वाचताच तुम्हाला सांगितलं, पिकू द्या."

"माहितेय," ते म्हणाले. "तुम्ही कागद हातात पण नव्हता घेतला. मी बघत होतो की. तेव्हा दिसत होतं मला सगळं."

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. समोर कोणीतरी म्हातारे गृहस्थ नातीचा हात धरून चालले होते, हनीफभाई त्या दिशेला तोंड करून बसले होते, त्यांना ते दिसत होते की नाही मला कळेना. मला रडू फुटलं. भर दवाखान्यात, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, नाक वाहेपर्यंत. त्यांनी खिशातून घडीचा रुमाल काढून माझ्यासमोर धरला, जरा चुकीच्या बाजूला.

मग ते उठले. "परत लावायला सांगा मशीन," म्हणाले. "या वेळी नीट देतो."

मी त्या मुलीला गाठलं, हातापाया पडले म्हणा ना. ती कुरकुरली, पण दोन रोग्यांनंतर तयार झाली. हनीफभाई चौकटीला हात लावून आत गेले. दार या वेळी तिनं पूर्ण लावून घेतलं. मी बाकावरून उठून दाराला कान लावून उभी राहिले, येणारेजाणारे बघत होते तरी. मशीन सुरू झाल्याची शिट्टी ऐकू आली.

टक.

मग बराच वेळ काहीच नाही. मग एक टक. मग पुन्हा काही नाही, कितीतरी वेळ.

"बरोबर चाललंय काका," आतून ती मुलगी म्हणाली. "असंच."